काकूंच्या नावाचा सोंडकिडा

दोन हजार पाच साल. नवरा अमेरिकेत, बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी पुण्याची एम.एस्सी. झूलॉजी, डिपेंडंट व्हिसावर नोकरीला बंदी म्हणून घरात पोळ्या लाटत बसलेली. जीव विटला, म्हणून एका म्युझियममध्ये फुकट काम करायला लागले. काम काय, तर उंच डोंगरांवर, झाडं संपतात त्याच्याही वर सापडलेले सोंडकिडे तपासायचे आणि चुकीची नावं दुरुस्त करायची. आपल्या तांदळात होतात ना, त्यांचेच भाऊबंद.

तिथले म्हातारे सर भयंकर कडक. एक लेबल चुकलं की अख्खा ट्रे पुन्हा करायला लावायचे. तरुणपणी त्यांनी एका काळ्या, गुळगुळीत सोंडकिड्याला नवी जात म्हणून बायकोचं नाव दिलं होतं. काकू दर शुक्रवारी लेमन केक घेऊन यायच्या आणि आल्यागेल्याला तो ट्रे दाखवायच्या, "ही मी!"

एका गुरुवारी त्यातल्या एका किड्याच्या पायाच्या बेचक्यात मला सोनेरी खवले दिसले. सोनेरी खवल्यांचा तर तिथला अगदी साधा, ढिगाने सापडणारा सोंडकिडा! मी चरकले. एकेक करून सगळे पाहिले, एकदोन उघडून आतले अवयवही ताडून बघितले. अगं बाई गं! नवी जात कसली डोंबलाची! तोच साधा किडा, म्हातारा होऊन खवले झडलेला. माझ्या नवऱ्याला टक्कल पडलं म्हणून तो काय वेगळा माणूस झाला?

आता ही जातच रद्द होणार, आणि काकूंचं नाव पुसणार कोण, तर मी! सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी मायक्रोस्कोपकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला माहीत आहे. बरीच वर्षं झाली. तिचं नाव ती आहे तोवर राहू दे."

एवढ्यातेवढ्यासाठी माझं डोकं खाणारा माणूस हा!

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. सर हात धुवायला गेले, तसं त्यांनी मला ट्रेपाशी ओढलं.

"ही मी. खवले झडलेत बघ, म्हातारी झालीय. बाकी सगळं त्या साध्या किड्याचंच."

मी पटकन दाराकडे पाहिलं.

"त्याला बोलू नकोस हं," त्या कुजबुजल्या. "बिचाऱ्याला फार लागेल."

सर परत आले. मी ट्रे कपाटात सरकवला आणि दोघांना केक कापून दिला.