ही गाठ सुटायला नको, आत्या

आत्याला कॅन्सरने नेलं नाही.

आधीच सांगून टाकते, कारण सकाळपासून ज्याचा फोन येतोय तो दबक्या आवाजात तेच विचारतोय, "शेवटी उलटला का गं?"

नाही उलटला. म्हातारी झाली होती. काल दुपारी जेवली, जरा आडवी झाली आणि उठलीच नाही.

इतकं सरळ मरण तिच्या वाट्याला येईल, असं एके काळी आमच्या घरात कुणालाही वाटलं नव्हतं.

यमुआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. खालापूरजवळच्या गावात तिची भातशेती, नवरा खोपोलीच्या कारखान्यात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एमएस्सी करून मुंबईत एका लॅबमध्ये लागले होते. सुट्टीत तिच्याकडे गेले, तर बाई भिंतीकडे तोंड करून वाटीतलं कोमट तेल छातीला चोळत बसलेली.

"काय झालं गं आत्या?"

"काय नाय. गाठ हाय जराशी. सोडवतेय."

सोडवतेय!

मी हात लावून पाहिलं. सुपारीएवढी, टणक.

खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या डॉक्टरांनी तिला कधीच सांगितलं होतं, मुंबईला जा, ऑपरेशन करून घ्या. ही ढिम्म.

"कापायची कशाला गं? गाठच हाय ना? दमानं घेतलं का सुटंल."

इथे तुम्हाला आत्या माहीत हवी. या बाईने आयुष्यात गाठ कापली नाही. मिठाईच्या पुड्याचा दोरा असो, पेंढ्याच्या भाऱ्याचा बंध असो नाहीतर पोरांच्या चड्डीची नाडी, ती नखांनी, दातांनी सोडवत बसायची. तिच्यासमोर कात्री घ्यायची कुणाची टाप नव्हती.

आणि आपल्या मराठीत दोऱ्याला पडते तीही गाठ, अंगात येते तीही गाठ. त्याला ती बिचारी काय करणार?

मी मात्र दिवसभर लॅबमध्ये सुटण्याचाच अभ्यास करत होते.

आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना धरून असतात. हे धरून ठेवायचं काम काही प्रोटीन्स करतात. डिशमधलं कॅल्शियम काढून घेतलं की पेशी एकमेकींचा हात सोडायच्या, परत घातलं की धरायच्या. मायक्रोस्कोपला डोळा लावून मी हे तासन् तास बघायचे.

धरून असल्या की वाढीलाही आवर बसतो. हात सुटला की काही पेशी बेफाम वाढतात, जागा सोडून भलतीकडे घर करतात. कॅन्सर पसरतो तो असाच का, हा तेव्हा आमच्यासमोरचा मोठा प्रश्न होता. त्या प्रोटीन्सची नावंसुद्धा धड ठरली नव्हती.

पण आत्याला प्रोटीन सांगून काय होणार, कपाळ?

माझं डोकं तापलं होतं. तिच्यासमोर फतकल मारून बसले आणि विचारलं, "लावणीला रोपांची मूठ पाण्यात टाकलीस आणि तिचा बंध सुटला तर?"

"जातील की व्हावून. भलत्याच्या खाचरात जाऊन रुजतील."

"मग गोळा करशील?"

"कशी करू? कुठं कुठं शोधत फिरू?"

"तसंच आहे हे. ही गाठ सुटायला नको, आत्या. बांधलेली आहे तोवर अख्खी उचलून टाकायची."

तिने तेलाची वाटी बाजूला सारली. मग पदराला हात पुसले.

"मंग ह्ये आदी सांगायचं ना त्या डाक्तरानं! तो मेला नुसता कापू कापू करतोय."

ऑपरेशन झालं. रिपोर्ट येईपर्यंत मला घास गोड लागला नाही. बंध आधीच सुटला असेल तर, एवढंच डोक्यात.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर होता, पण काखेत पसरला नव्हता. मी वॉर्डातच रडायला लागले.

"सुटलं नवतं ना कुठं?"

"नव्हतं गं."

"मंग रडतेस कशाला? च्या सांग."

पुढे कळलं की गोष्ट इतकी साधी नाही. काही कॅन्सरच्या पेशी हात न सोडता टोळीनेच पसरतात. तेल चोळल्याने पसरतो असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. मुद्दा वेळेचा होता. आणि तिला वाचवलं ते सर्जनने, माझ्या प्रोटीनने नाही. पण आज त्याच धाग्यावर किती लोक काम करतायत! तरुण मुली माझ्यापेक्षा दसपट हुशार प्रश्न विचारतात. मला फार भारी वाटतं.

आत्याने तर स्वतःचं खातंच उघडलं. पंचक्रोशीत कुणा बाईला गाठ आली असं कानावर आलं की ही तिच्या दारात. तिला हाताला धरून एसटीत बसवणार आणि मला निरोप, "एक पाठवतेय गं. बघ जरा."

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. काल संध्याकाळी वेशीपाशी सगळ्या थांबल्या. मोहोपाड्याची एक म्हातारी थांबेना. कुणीतरी अडवलं.

"मला ह्या बाईनं धरून नेलंवतं दवाखान्यात. मी नाय थांबायची हितं."

ती पुढे झाली. तिच्यामागून आणखी एक. मग आणखी एक. मी त्या सगळ्यांना ओळखत होते.

आत्या, तुझ्यामुळे जगलेल्या बायका तुला पोचवायला आल्या होत्या गं.

नीट जा.