सरपंचांनी दिलेला विषय

उद्धवराव सरपंचांच्या पाहुणचाराचं कुणी कौतुक केलं, की मी अजून तिथून उठून जातो.

आमच्या निघोज्याचा हिंदुराव तमाशात सोंगाड्या होता. त्याचे सोंगाचे कपडे मीच शिवायचो. परगावी लोक त्याच्या बतावणीवर हसून लोळायचे, पण स्वतःच्या गावच्या जत्रेत त्याला कधी उभं केलं नव्हतं. घर वेशीबाहेर, एवढंच कारण. आयुष्यात एकदा तरी ती जत्रा आपल्याला मिळावी म्हणून तो झुरत होता. छप्पन साली उद्धवराव त्याला म्हणाले, "पुण्याच्या शाळंची सहल येतीया. पोरांना तुझी बतावणी शिकीव. पाव्हणे खूश झाले, तर औंदाची जत्रा तुझी."

सहल आली. सोबत सुमनताई नावाच्या हौशी शिक्षिका होत्या. दुपारी सरपंचांच्या ओसरीवर जिलेबीची पंगत बसली. हिंदुरावाची पत्रावळ मात्र गोठ्याजवळ, आणि तीत वाढलं तेही वरून टाकून, पाणीसुद्धा ओंजळीत वरूनच ओतून. शिवाशीव बंद करायचा कायदा झाला होता. त्यावर याच गृहस्थांनी चावडीसमोर भाषण ठोकलं होतं!

मग वडाखाली शिकवणी सुरू झाली. लिहिलेलं काही नाही. बघणाऱ्यानं विषय द्यायचा आणि पोरांनी उभ्या उभ्या सोंग रचायचं. पोरं बघता बघता अशी रंगली, की हिंदुरावाचा चेहरा फुलून गेला. शेवटचा विषय द्यायचा मान अर्थातच सरपंचांचा. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "आज आमच्या गावात काय काय बघितलं, त्येच दाखवा की." स्वतःची आरती ओवाळून घ्यायची हौस, दुसरं काय!

एका मुलीनं टॉवेलाचा फेटा बांधला आणि ती उद्धवराव झाली. आग्रह करकरून जिलेब्या वाढल्या. सरपंच खूश. तेवढ्यात एक मुलगा लांब जाऊन उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. मुलीनं हात उंच धरून वरून पाणी ओतलं आणि चटकन मागं सरली.

उद्धवराव लालबुंद झाले. "हिंद्या, ह्ये तू शिकिवलंस?"

सुमनताईंनी मुलीचा दंड धरला. "सरपंचांची माफी माग आधी!"

माफी हिंदुरावाची मागायला हवी, हे त्या शिकल्यासवरल्या बाईच्या मनातसुद्धा आलं नाही. गावकरी माना खाली घालून बसलेले. किळस आली मला सगळ्यांची.

हिंदुराव पुढं झाला. "पोरीला सोडा, बाई. म्याच शिकिवलं."

जत्रेला सरपंचांनी चाकणचा फड आणला. त्यानंतर हिंदुराव दुकानात आला, तेव्हा मी त्याच्यावर उखडलोच. "खोटं कशाला बोललास? तू कुठं शिकवलं होतंस?"

"न्हाई शिकिवलं," तो म्हणाला. "आजवर राजाचं केलं, वाण्याचं केलं, फौजदाराचंबी सोंग केलं. ह्ये करायची माझी छाती झाली न्हाई. त्या पोरीनं केलं."