पासवर्डची दवंडी

दुपारचे साडेबारा. पाटोद्याचा आठवडी बाजार. एसटीडी बूथमध्ये मी, कानाला फोन.

फजिती दुसऱ्याची असली की मी ती छापून आणतो. ही माझी स्वतःची आहे, म्हणून चहावरच सांगतो!

इंटरनेट तेव्हा गावात नवं होतं. एकाच कॉम्प्युटर क्लासात मिळायचं. आणि त्याच रविवारी मी पेपरात लेख ठोकला होता: 'पासवर्ड म्हणजे तिजोरीची किल्ली. बायकोलाही सांगू नका!'

अन् झालं काय, ऑफिसला पाठवायचा फोटो मी ईमेलनं स्वतःलाच पाठवला! त्यात क्लासची लाइट गेलेली. उपसंपादक फोनवर म्हणाला, "पासवर्ड सांगा, इथूनच काढून घेतो."

आता आम्ही जुने बातमीदार. खरखरत्या लाइनवर ओरडून बातमी सांगण्यात हयात गेलेली. सवयीनं बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मुक्तामुक्ता! अहो, माझ्या मुलीचं नाव! दोनदा!"

भाजीवाल्यांचा गलका थांबला. थांबणारच! मुक्ता पुण्याला परदेशी कंपनीत नोकरीला लागली, म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक. परदेशी कंपन्यांना रोज झोडपणाऱ्याच्या घरात हे चालायचं? गेल्या दोन दिवाळ्या पोर घरी फिरकली नव्हती.

पुढच्या आठवड्यात ईमेल उघडला, तर माझ्या नावानं गेलेलं पत्र! 'मुक्ता, माझं चुकलं. घरी ये. पुढच्या सीटवर बस, तुला गाडी लागते.'

माझं चुकलं? माझं? अहो, उभ्या कारकिर्दीत मी पेपरात साधा खुलासा दिलेला नाही!

तडक पोलीस ठाणं गाठलं.

"जमादार, गुन्हा नोंदवा! माझा पासवर्ड चोरून कोणीतरी माझ्या मुलीला पत्र धाडलंय."

"कुलूप तोडलं का?"

"कुलूप कसलं? पासवर्ड!"

"मुक्तामुक्ताच ना? मग चोरला कावून म्हणता, साहेब? मी बाजारात बंदोबस्तालाच होतो की!"

"थट्टा करू नका. लेखी तक्रार घ्या."

"हा घ्या कागद. लिवा, 'हे पत्र माझं न्हाई.' पण मग पोरीला बी तसंच कळवावं लागंल बघा."

पेन जागच्या जागी थबकलं. हे मला सुचलंच नव्हतं!

तेवढ्यात दारात बायको. "आवो, इथं काय करायलात? कोण आलंय बघा!"

तिच्या मागं मुक्ता. हातात बॅग, चेहरा पांढराफटक. गाडी लागलीच होती.

"बाबा, खरं सांगा. ते पत्र तुम्हीच लिहिलंत ना?"

जमादारांनी आढ्याकडं पाहिलं.

"म्हणजे काय!" मी गरजलो. "माझा पासवर्ड दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?"

अख्ख्या ठाण्याला ठसका लागला. मुक्ता हसता हसता रडायला लागली. कोरा कागद मी हळूच खिशात सारला.

नंतर चौकशी केली, अगदी कसून. बूथवाला, क्लासवाला, जमादार. सगळे म्हणाले, आपण न्हाई. बायको म्हणाली, "मला बाईला त्या डब्यातलं काय कळतंय?"

असेलही. पण मुक्ताला गाडी लागते, हे घराबाहेर कोणाला ठाऊक होतं?

त्याचा खुलासा आजतागायत आलेला नाही.