वहिनी, एक विचारू?

माझ्या धाकट्या दिरांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट विचारल्याशिवाय केलेली नाही. जन्माला येतानासुद्धा त्यांनी सुईणीला दोन-चार शंका विचारल्या असणार, असं सासूबाई म्हणत. ‘म्हणून तर एवढा वेळ लागला!’ त्यांच्या बोलण्याची सुरुवात ठरलेली, ‘एक विचारू?’ आणि त्यावर माझ्या यजमानांचं, म्हणजे त्यांच्या दादाचं, उत्तरही ठरलेलं, ‘एकच हं.’ प्रश्न एकच कधीही नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं; तरी हा करार रोज नव्याने व्हायचा आणि रोज मोडायचा. आम्ही भाईंदरला एकाच इमारतीत राहायला आलो, आम्ही वरच्या मजल्यावर, ते खालच्या. जेवायला वर आमच्याकडे. त्यामुळे माझ्या स्वयंपाकालाही त्यांच्या शंकांची फोडणी कायम असे.

केबिन रोडवरचा भाजीवाला त्यांना लांबून बघूनच हात जोडायचा. दुधी कुठून आला, वेलीवर होता तेव्हा कुठल्या कुशीवर होता, पाणी खाडीचं की विहिरीचं, हे सगळं समजल्यावर ते पावकिलो मिरच्या घेऊन परत यायचे. एकदा ताजी मासळी आणायला समुद्राकाठच्या पालीला गेले, तर टोपलीपाशी इतका वेळ बसले की कोळीणबाई वैतागून म्हणाल्या, ‘अरे बाबा, मावरं घेतंस का न्हाय? पापलेटाची सोयरीक जमवायची हाय काय?’ स्वतःची सोयरीक मात्र त्यांनी अशीच मोडून घेतली होती. मुलगी बघायला गेले आणि समोर आलेल्या पोह्यांबद्दल विचारू लागले. जाड की मध्यम, भिजवले की नुसते धुतले, लिंबू आत की वरून? मुलीचे वडील आधी हसले, मग खाकरले, आणि शेवटी म्हणाले, ‘मुलीबद्दल काही विचारायचंय का?’ त्यावर हे म्हणाले, ‘एक विचारू? पोहे तिने केलेत ना?’ तेव्हापासून ते एकटे आहेत आणि पोहे स्वतः करतात.

या सगळ्याचं मूळ सासूबाईंच्या एका रिवाजात असावं. रत्नागिरीकडच्या त्यांच्या घरी कुणाला गोवर, कांजिण्या आल्या की देवी आली समजून घरात फोडणी देत नसत. सासूबाईंनी हा नियम लशीलाही लावला. मुलाला लस टोचली की त्या दिवशी बिनफोडणीचं वरण. लहानग्या दिरांनी विचारलं, ‘आई, दंडावर टोचलं तर कढईने का गप्प बसायचं?’ उत्तरादाखल पाठीत धपाटा मिळाला. त्यांच्या मते, समाधानकारक उत्तर न मिळालेला तो त्यांचा पहिला प्रश्न.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर दोघे भाऊ डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाई गुजराती, मराठी छान बोलतात, घाईत हिंदीवर घसरतात. त्यांनी सुचवलं की तुमचं दोघांचं वय झालंय, धाकट्यांना तर दमाही आहे, तेव्हा न्यूमोकोकल लस, लोक जिला निमोनियाची लस म्हणतात ती, घेऊन टाका. झालं. ‘एक विचारू?’ या लशीने निमोनियाच झाला तर? एकदा घ्यायची की पुन्हा पुन्हा? फ्लूच्या लशीबरोबर चालते का? बाईंनी शांतपणे सांगितलं की हिच्यात जिवंत जंतू नसतात, तेव्हा हिच्यामुळे आजार होत नाही. काही प्रकारांत एकच डोस पुरतो, काहींत पुढे दुसरा लागतो, म्हणून आधी काय घेतलंय ते सांगायचं. आणि फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर घेता येते. बाहेर रांग चुळबुळ करू लागली. शेवटी बाई म्हणाल्या, ‘काका, ये दवाखाना है, मुलाखत नाही.’ यजमान हसून उठले. ‘राहू दे. याचं समाधान झालं की दोघं एकदमच येऊ.’

समाधान व्हायला वेळ लागला. औषधाच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात, रात्री माझ्या पोळपाटापाशी, सगळीकडे लशीची चौकशी चालू राहिली. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केलेली बाई; मला बोलण्यापेक्षा ऐकायची सवय. सगळे प्रश्न मला पाठ झाले. आणि त्याच दिवसांत यजमानांना ताप आला, खोकला आला, निमोनिया झाला असं डॉक्टर म्हणाले, आणि ते हॉस्पिटलमधून घरी आले नाहीत.

त्यानंतर भावोजींनी विचारणं बंद केलं. आपल्या शंकांपायी दादाची लस राहिली, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ते बोलून दाखवत नव्हते, पण दाखवायची गरजही नव्हती. पानात पडेल ते जेवत, रिक्षावाला नेईल त्या रस्त्याने जात. एक दिवस भाजीवाल्याने मला थांबवलं. ‘आंटी, अंकल की तबियत ठीक है ना? भिंडी ले गए, कुछ पूछा ही नहीं. मैंने खुद होके बताया, ताजी है.’ त्याचा चेहरा खरोखर उतरला होता.

या थंडीत त्यांचा दमा वाढला. डॉक्टरबाईंनी पुन्हा लशीचं काढलं. ‘चला, टोचून टाकू,’ भावोजी म्हणाले. एवढंच. मला त्या दम्यापेक्षा या वाक्याची भीती वाटली.

दवाखान्यात त्यांनी मुकाट्याने बाही वर केली. बाई सिरिंज हातात घेऊन, सवयीने, प्रश्नासाठी थांबल्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ‘डॉक्टर, एक विचारू?’ ती मीच होते.

‘यांना जरा सर्दी आहे. चालेल?’

‘सर्दी का कुछ नहीं. ताप असता तर थांबलो असतो. पूर्वी कुठल्या लशीने अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, असं काही?’

‘नाही. पण हे रक्त पातळ व्हायची गोळी घेतात.’

‘अरे काका, हे तुम्ही सांगायला पाहिजे ना! मग टोचल्यावर कापूस जरा जास्त वेळ दाबून धरायचा.’

दंड दुखेल, कदाचित कणकण येईल, दोन दिवसांत जाईल. तोंडावर सूज किंवा धाप वाटली तर लगेच यायचं. आणि आता थोडा वेळ बाहेर बसून मगच घरी. मी विचारत गेले, बाई सांगत गेल्या. शेवटी मी विचारलं, ‘ही घेतली की निमोनिया होतच नाही ना?’

‘नाही हो. निमोनिया कितीतरी जंतूंमुळे होतो. ही त्यातल्या एकावर, त्याच्याही काही जातींवर. धोका कमी होतो, संपत नाही.’

भावोजींनी मान वर केली.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. ते कापूस दाबून होते. तसेच म्हणाले, ‘वहिनी, एक विचारू?’

मी त्यांच्याकडे वळले.

‘दादाला कुठल्या जंतूचा होता?’

‘ते कळलंच नाही, भावोजी. तपासण्यांत काही सापडलं नव्हतं.’

‘म्हणजे वेळेवर घेतली असती, तरी…’

‘तरी गेले असते कदाचित. कदाचित राहिलेही असते. हे कुणालाच सांगता येणार नाही. पण तुमच्या विचारण्याला ते कधी कंटाळले नव्हते, एवढं मला नक्की माहीत आहे.’

ते कापसाकडे बघत राहिले. रक्त केव्हाच थांबलं होतं, पण दाबलेलं बोट काही त्यांनी काढलं नाही.

संध्याकाळी मी वरणाला फोडणी दिली नाही. शिकलेली बाई आहे मी. कढईचा आणि दंडाचा संबंध नाही, हे मला कळतं. तरी नाही दिली. भावोजी वर आले, पानावर बसले. पिवळंधमक साधं वरण, त्यावर तूप. त्यांनी वाटी थोडी जवळ ओढली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं.

‘वहिनी, एक विचारू?’

सवयीने मी समोरच्या, यजमानांच्या रिकाम्या खुर्चीकडून उत्तराची वाट पाहिली. मग मीच म्हणाले, ‘एकच हं.’