हुंकाराला माणूस पाहिजे

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडात ‘कृपया थांबा, लाइन व्यस्त आहे’. माझी भाषा इतकी धुऊनपुसून स्वच्छ झाली होती, की पुण्याहून बदलून आलेल्या आमच्या शेजाऱ्यांना मी त्यांच्याच गावची वाटायची. हे शेजारी बँकेत साहेब होते आणि संध्याकाळी नाटकवेडे. एकदा माझे वडील, आबा, गावाहून आले आणि आम्ही अंगणात बोलत बसलो. मी ‘कवा आलासा? हितं बसा की’ म्हटलं आणि कुंपणापलीकडून साहेबांचं डोकंच वर आलं.

ते म्हणाले, “अहो, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

मी सांगोल्याकडची. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हे ऐकताच त्यांनी मला कामाला जुंपलं. त्यांची हौशी मंडळी स्पर्धेसाठी नाटक बसवत होती. लेखक आणि दिग्दर्शक साहेबच, आणि नायक एक म्हातारा मेंढपाळ. नटांची भाषा तेवढी बसवून द्यायची, फुकट. वर संध्याकाळचा चहा आणि भजी. मी हो म्हटलं, कारण पहिल्याच तालमीला जे कानावर आलं ते ऐकून अंगाचा तिळपापड झाला. कंबरेत वाकायचं, काखा खाजवायच्या आणि दर वाक्याला ‘आयला’ म्हणायचं, म्हणजे झाला खेडवळ!

असलंच एक नाटक आबांनी पूर्वी तालुक्याला पाहिलं होतं. शहरातली माणसं ते घेऊन आली होती. खेडवळ गडी रंगमंचावर आला, लोक खो खो हसले आणि आबा पटका सावरत मधूनच उठून बाहेर पडले. “आमास्नी हसाया बलावलं व्हय?” एवढंच म्हणाले. त्यानंतर ते कधी नाटकाला बसले नाहीत.

आणि साहेबांनी मला न विचारता, कुंपणावरूनच त्यांना आमंत्रण देऊन टाकलं. पहिल्या रांगेत खुर्ची! आबा सुनेच्या माहेरी बोलावल्यासारखे संकोचले, पण म्हणाले, “लेकीनं शिकवलंय म्हंता? मंग येतो की.” या वेळी ते उठून गेले असते, तर माझ्यावरून उठून गेले असते.

म्हाताऱ्याचं काम करणारा नट सूतगिरणीत हिशेबनीस होता. घरी तेलुगू बोलणारा, विणकरांच्या घरातला. पण कान तिखट. ‘न्हाय’, ‘कुटं’, ‘लई’ त्याला चार-दोन तालमींत जमलं. बाकीच्यांचं खाजवणंही मी बंद पाडलं. अडलं ते दुसऱ्या अंकात. तिथं म्हातारा पारावर एकटाच बसून, भीमेच्या पुरात वाहून गेलेल्या भावाची हकीकत सांगतो. शब्द सगळे बरोबर, पण वाटायचं रेडिओवर बातम्या चालल्यात.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं हकीकत अशी सलग कुणी सांगत नाही. एकजण सांगतो आणि एकजण हुंकार देतो. ‘व्हय’, ‘मंग?’, ‘बरं’. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो आणि ‘निजलासा का?’ विचारतो. मी साहेबांना म्हटलं, पारावर आणखी एक म्हातारा बसवा. ते म्हणाले, “बाई, स्वगत आहे ते. एकाकीपण आहे त्याचं.” त्यांचं एकाकीपण हलेना.

तेव्हा मीच समोर सतरंजीवर बसून हुंकार द्यायला लागले. आणि काय सांगू, तो माणूस बदललाच! माझ्या ‘व्हय’वर वाक्य सोडायचा, ‘मंग?’वर पुढचं उचलायचा. सगळी तालीम थांबून ऐकायची. मी खुशीत होते. त्याला हुंकाराशिवाय पाऊल टाकता येईनासं झालंय, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी साहेबांनी बजावलं, “विंगेतून आवाज आला तर परीक्षक गुण कापतील. तुम्ही तोंड उघडायचं नाही.” मी पदराचा बोळा तोंडाशी धरून विंगेत उभी. पहिला अंक बरा गेला. पहिल्या रांगेत आबा ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर. हसले नाहीत, उठलेही नाहीत.

दुसरा अंक. म्हातारा पारावर बसला. “त्या साली पानी लई चढलं हुतं,” म्हणाला आणि थांबला. सवयीनं थांबला. सगळीकडं चिडीचूप. त्याची नजर विंगेकडं वळली. मी मान हलवली, पण मानेचा आवाज कुठं येतो? त्यानं पुढचं वाक्य कसंबसं ढकललं, पुन्हा थांबला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. आबा खुर्चीत हलले. पटक्याला हात गेला. झालं, उठले, असं वाटून मी डोळेच मिटले.

“व्हय,” आबांचा आवाज आला.

“शूऽऽ!” शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी दटावलं. पण म्हाताऱ्यानं मान वर केली होती. तो आता आबांकडं बघून सांगू लागला.

“मेंढरं आल्याड, आमी दोगं पल्याड.”

“मंग?”

“भावानं माजा हात धरला...”

मागच्या रांगांतूनही दोन-तीन ‘बरं’ आले. दटावणारे गप्प झाले. हात सुटला त्या जागी मात्र आबा काही बोलले नाहीत. मरणाच्या जागी आमच्याकडं हुंकार देत नाहीत. सगळं थिएटर त्यांच्यासोबत गप्प राहिलं. मी विंगेत रडत होते, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. इतकं हलकं मला लग्न ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

बक्षीस काही मिळालं नाही. साहेब म्हणाले, प्रेक्षकांनी शिस्त पाळली नाही, आणि स्वतःच हसले.

प्रयोग संपल्यावर त्याच संध्याकाळी रंग पुसायच्या खोलीत आबा आले होते. नट घाईनं उठला, पाया पडला. मला राहवेना. मी विचारलं, “आबा, मधीच बोललासा कसं? नाटक हुतं की.”

“नाटक हाय, ठावं हाय मला,” आबा म्हणाले. त्यांनी नटाच्या खांद्यावर हात ठेवला. “पर आपला मानूस सांगतोय आन्‌ हुंकाराला कुनीच न्हाय. मंग म्या काय नुसतं बगत बसू?”

‘आपला मानूस’ म्हणाले ते. त्या विणकराच्या पोराला. मी पदरानं त्याच्या कपाळावरचा उरलेला रंग पुसला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.