पिवळी रेघ

शोरूमच्या त्या काचेचा मला अजून राग येतो. काचेच्या अलीकडे आपण, सोफ्यावर, फुकटच्या कॉफीचा कागदी कप हातात घेऊन. पलीकडे आपली गाडी, लिफ्टवर चढवलेली, आणि तिच्याखाली कोण काय करतंय ते मधल्या खांबामुळे नेमकं दिसत नाही. आत जायचं म्हटलं की गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण आडवा येतो आणि म्हणतो, "मॅडम, कस्टमर अलाउड नहीं है, सेफ्टी का इश्यू है." माझ्याच गाडीजवळ जायला मला मनाई. आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसाची सगळी उमर मशीनच्या पोटात हात घालण्यात गेली, त्यालाही मनाई.

तो माणूस म्हणजे माझे बाबा. जळगावकडून इकडे एमपीत आले ते कागद कारखान्यात फिटर म्हणून, आणि रिटायर झाले तेही फिटर म्हणूनच. मग आम्ही बुऱ्हाणपूरला घर केलं. मी शाळेत शिकवते. शाळा बहादरपूरच्याही पुढे आहे, केळीच्या ट्रकांमधून वाट काढत रोज जायचं-यायचं, म्हणून गाडी घेतली. गाडी नवी होती आणि वॉरंटीची अट एकच होती, सगळी सर्व्हिसिंग शोरूमलाच करायची. बाबांनी ती अट दोनदा वाचायला लावली आणि म्हणाले, "आपली गाडी आन् हात लावायचा नाही, हे काय लावलंय?"

पहिल्या सर्व्हिसिंगनंतर गाडी घरी आली तर ऑइल मोजायची पट्टी काढून बाबा बघतच राहिले. खुणेच्या पार वर ऑइल. जास्त ऑइलही इंजिनला वाईटच, हे मला त्या दिवशी कळलं. मी फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "चलता है मॅडम, थोड़ा ऊपर-नीचे." बाबांना 'चलता है' हा शब्द सहन होत नाही. त्यांनी लोखंडी अँगलचे दोन उतार वेल्डिंग करून आणले होतेच, त्यावर गाडी चढवली, खाली चटई टाकली, ऑइल काढलं, नवं भरलं, फिल्टरही बदलला. मी "वॉरंटी, वॉरंटी" करत आजूबाजूला फिरत होते. "कुणाला सांगायला जाऊन राहिली तू?" म्हणाले. शेवटी त्यांनी खिशातून रंगाची छोटी डबी काढली आणि ऑइलच्या नटावर एक पिवळी रेघ ओढली. फिल्टरवरही एक.

ही रेघ कारखान्यातली. नट आवळला की त्यावर रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. नट तसूभर जरी हलला तरी रेघेचे दोन तुकडे होतात. लांबूनच कळतं. आणि मशीन बंद पडलं की साहेबाचा पहिला प्रश्न असायचा, "रेघ कुणाची?" ज्याची असेल त्यानं तिथल्या तिथे हात वर करायचा, मग बोलणी बसोत नाहीतर शाबासकी मिळो. हात वर न करणाऱ्याच्या शेजारी कँटीनमध्ये कुणी बसत नसे, हे बाबा मला लहानपणापासून सांगत आलेत.

वर्षभरानं इंजिनातून टकटक यायला लागली. सकाळी चालू केली की जास्तच. शोरूमवाले म्हणाले, वॉरंटीत खोलून देऊ, कंपनीची मंजुरी मागवली आहे, पण आधी वर्षाची सर्व्हिस करून घ्या, रेकॉर्ड पूर्ण पाहिजे. मला तर ती मंजुरी हवीच होती. इंजिनचं काम माझ्या पगारात बसणारं नव्हतं आणि गाडीशिवाय शाळा नव्हती. तेव्हा मी मुकाट्यानं सर्व्हिस करून घेतली. बाबा आणि मी अर्धा दिवस त्या काचेमागे बसलो. बिलावर लिहिलं होतं, ऑइल बदललं, फिल्टर बदलला.

घरी आल्यावर बाबा चटई टाकून गाडीखाली गेले. मग खालूनच म्हणाले, "बाई, इकडे ये. हे खोललंच नाही यांनी."

मी साडी सावरून वाकले. नटावर पिवळी रेघ. अख्खी. फिल्टरवरची पण तशीच, वर धूळ बसलेली. पट्टी ओढून पाहिली तर ऑइल काळं कुळकुळीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धा दिवस आम्हाला कॉफी पाजून यांनी गाडी नुसती धुतली होती. आम्ही तसेच परत निघालो. रस्ताभर मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि बाबा मात्र खुशीत होते. त्यांच्याकडे पुरावा होता. त्यांना वाटत होतं, जगात सगळीकडे रेघ चालते.

शोरूममध्ये मी आवाज चढवला तेव्हा कुठे काचेचं दार उघडलं. गाडी लिफ्टवर गेली. मॅनेजर स्वतः आला, आत जाऊ न देणाऱ्या त्या ओळखपत्रवाल्या ॲडव्हायजरनं टॉर्च धरला. बाबा पुढे झाले, बोट लावून म्हणाले, "ये देखो. ये रेघ टूटी नहीं. मतलब नट खुला नहीं."

मॅनेजरनं वाकून पाहिलं. त्याचा चेहरा आधी पडला. मग तो सरळ उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"ये लाइन हमारे यहाँ की तो नहीं है," तो म्हणाला. "किसने लगाई?"

बाबांनी हात वर केला. खरोखर वर केला, कारखान्यात करत असतील तसा, खांद्याच्या वर.

"मतलब आपने बाहर खोला था, अंकल? ऑइल आपने डाला था? फिर तो मॅडम, वो इंजिनवाला क्लेम..."

चोरी त्यांनी केली होती. आणि पकडले आम्ही गेलो होतो. मला तेव्हा ओरडायला हवं होतं की तुम्ही न केलेल्या कामाचं बिल लावलंत त्याचं आधी बोला. ग्राहक मंच, तक्रार, फोटो, सगळं मला येतं, मी शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. पण मला फक्त ती टकटक ऐकू येत होती.

मी म्हणाले, "नहीं सर. घर पे किसी ने कुछ नहीं खोला. बाबा की उमर हो गई है, उनको आजकल याद नहीं रहता. कुछ भी बोलते हैं."

बाबांचा हात अजून वरच होता. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला, पँटला पुसला, आणि माझ्याकडे न बघता जाऊन सोफ्यावर बसले.

मॅनेजरला सगळं कळलं होतं. रेघ खोटी ठरली की न केलेल्या कामाचा पुरावाही गेला, म्हणून त्याला माझं खोटं हवं होतं, मला त्याची मंजुरी. "कोई बात नहीं, मेरे पिताजी का भी ऐसा ही है," असं म्हणाला तो नालायक. माझ्यासमोर ऑइल बदललं, फिल्टर बदलला, जुना फिल्टर पिवळ्या रेघेसकट कचऱ्यात गेला. पंधरवड्यानं मंजुरी आली, इंजिन वॉरंटीत झालं. गाडी आता चालू आहे की बंद ते कळत नाही, इतकी शांत.

घरी मी बाबांना दहा वेळा समजावलं. क्लेम गेला असता, दुसरं काय बोलणार होते मी, त्या चोरांशी चोरासारखंच बोलावं लागतं. ते दर वेळी "बरोबर आहे" म्हणाले. एकदा तरी भांडले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्यावरही चिडले, की एवढं काय मनाला लावून घ्यायचं. शोरूमवर चिडले, मॅनेजरच्या बापावर चिडले. माझ्यावर चिडायचं मात्र मी टाळत राहिले.

मागच्या महिन्यात समोरच्या घरातली सून स्कूटी ढकलत आमच्या दारात आली. ब्रेक लागत नाही, काका, जरा बघता का, म्हणाली. मी आत वह्या तपासत होते. आधी असं कुणी आलं की बाबा चहा तसाच टाकून उठायचे.

"नको बाई," ते म्हणाले. "ब्रेकचं काम आहे, जीवाचा खेळ. माझ्या हातून काही राहून गेलं तर? मला आजकाल ध्यानात राहत नाही."

मी पेन खाली ठेवून दारात आले. टोमणा मारत असतील, मला ऐकू जावं म्हणून बोलत असतील, असं मला वाटलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते, आणि जे बोलले ते त्यांना खरं वाटत होतं.