खांद्याएवढी निमी

मैदानावर आली की निमी आधी माझ्या शेजारी उभी राहायची. डोकं माझ्या खांद्याला टेकवून म्हणायची, "चल, आजही वाढले नाही. पळायलाच पाहिजे." मग बुटांच्या नाड्या दोनदा आवळून ती जी सुटायची, ती थेट पलीकडच्या रिंगखालीच थांबायची.

डिंडोलीत आमच्या गल्लीत मला सगळे शिडी म्हणत. वडील उधन्याला कापडाच्या लूमवर होते, आई घरी साड्यांना टिकल्या लावायची. माझ्याकडे बघून ती अहिराणीत पुटपुटायची, "इतली उंच पोर, हिले नवरा कोठे भेटी?" बास्केटबॉलच्या मैदानावर मात्र माझी उंची सगळ्यांना हवी होती. मी रिंगखाली उभी राहायचे, मुली चेंडू वर फेकायच्या, मी तो आत टाकायचे. माझ्या मापाची तेवढी एकच जागा होती.

निमी संघात आली आणि खेळाच्या सरांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. मोबाईलवर परदेशातले सामने दाखवत ते म्हणाले, "हल्ली रिंगखाली खांबासारखं कुणी उभं राहत नाही. पाचही जणी पळणाऱ्या, पाचही जणी लांबून टाकणाऱ्या." मग माझ्याकडे वळून गुजरातीत म्हणाले, "तू बेसी जा."

मी बसले. पाच बुटक्या मुली चिमण्यांसारख्या मैदानभर झाल्या. लांबून निमीनं चेंडू उचलला तेव्हा मी मनातल्या मनात म्हणत होते, हुकू दे, हुकू दे. तो जाळीतून सरळ खाली आला. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तळहात झोंबेपर्यंत.

निमी धावत आली आणि म्हणाली, "बघितलंस?" तिला तर मलाच दाखवायचं होतं. त्याचा मला अधिकच राग आला.

जिल्ह्याच्या स्पर्धेत अंतिम सामना दहाऐवजी नऊ वाजता ठरला. आदल्या दिवशी सर मला म्हणाले, "निमीचा फोन लागत नाही. तू शेजारी राहतेस, सांगून ये." मी तिच्या दारापर्यंत गेले. आत ती भावाला काहीतरी सांगून खदखदा हसत होती. मी तशीच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून मी खेळले. पण समोरच्या मुली मला रिंगपासून लांब ओढत नेऊ लागल्या. मी पोहोचेपर्यंत त्यांचा चेंडू सुटलेला असायचा. आम्ही बारा गुणांनी मागे पडलो, तेव्हा निमी धापा टाकत मैदानात शिरली. सरांनी मला बाहेर काढून तिला आत घेतलं. उशीर का झाला, हे विचारायला वेळच नव्हता.

बुटक्या पाचजणींनी फरक दोनवर आणला. मग दुसऱ्या संघानं दोन उंच मुली उतरवल्या आणि बोर्डावर आपटून परतणारा प्रत्येक चेंडू त्यांच्याच हातात जाऊ लागला. निमी उड्या मारून थकली. खेळ थांबला तशी ती सरांकडे आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, हिला घ्या. वरचा चेंडू ही आणेल, पुढचं आम्ही बघतो."

माझी जागाही मला तिनंच द्यावी? उठताना माझे कान तापले होते. पण मी उडी मारली, चेंडू ओढला आणि बघते तर निमी केव्हाच पुढे पळालेली. क्षणभर तो हातातच धरून ठेवला, देऊच नये असं वाटलं. मग तिच्याकडे फेकला. शेवटचे चार गुण असेच झाले आणि आम्ही जिंकलो.

तिचे वडील रेल्वेत होते. त्याच उन्हाळ्यात त्यांची बदली भुसावळला झाली. उधना स्टेशनवर मी तिला पोचवायला गेले. गाडी लागली तेव्हा एकदाचं तोंडातून बाहेर पडलं, "निमी, त्या दिवशी वेळ बदलल्याचं मी मुद्दाम सांगितलं नव्हतं."

"ठाऊक आहे," पिशवी आत सरकवत ती म्हणाली. "मध्यंतरातच सरांनी सांगितलं, निरोप तुझ्याकडे दिला होता म्हणून."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"सामन्यानंतर बोलणारच होते. खूप चिडलेले. पण तू चेंडू धरलास ना, तेव्हा मला वाटलं, ही देत नाही आता." ती दारात चढली आणि वळून हसली. "दिलास की गं."